न सापडलेली गोळी : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची जीवनकथा



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या चार विद्यार्थ्यांनी धातुशोधक यंत्र मांडले होते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. एकाच्या वडिलांचे उधन्यात मोटार रिवाइंडिंगचे काम आहे, त्यांनी इनॅमलची तांब्याची तार दिली. दुसऱ्याच्या आईने भरतकामाची मोठी लाकडी रिंग दिली. त्या रिंगवर तार गुंडाळून मुलांनी नवी कॉईल तयार केली. जुनी कॉईल वाटीएवढी होती आणि आठवडाभर प्रयोगशाळेत उत्तम चालली होती. नवी कॉईल ताटाएवढी. मोठ्या कॉईलने वाळूत जास्त खोल पुरलेली वस्तूही सापडेल, असा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. प्लॅस्टिकच्या टबात तापीची वाळू भरून त्यात खिळे, बिजागरी आणि रुपयाचे नाणे पुरून ठेवले होते.

प्रत्यक्ष प्रदर्शनात मात्र यंत्राने मुलांची फजिती केली. वाळूत वस्तू असो वा नसो, स्पीकरचा सूर जागोजागी बदलू लागला. कॉईल जरा वरखाली झाली तरी आवाज. पाहुणे हसत पुढच्या टेबलाकडे गेले. संध्याकाळी मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा मुले नवी कॉईल काढून जुनी बसवत होती आणि त्यांच्यातील एक जण नोंदवहीतील त्या दिवसाचे पान फाडायच्या बेतात होता. मी त्याला थांबवले आणि चौघांना बाकावर बसवून एका माणसाची गोष्ट सांगितली. वेळ कमी होता, म्हणून ती अर्धीच सांगून झाली. ती पूर्ण करण्यासाठी या अंकातील माझी दोन पाने खर्च करत आहे.

तो माणूस म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पाठ्यपुस्तकात बेल म्हणजे दूरभाषचे आविष्कारक, एवढी एकच ओळ होती. मराठी पुस्तकात दूरभाषचा दूरध्वनी झाला, ओळ तीच राहिली. टेलिफोनमुळे बेल यांना कीर्ती मिळाली हे खरेच, परंतु त्यांच्या आयुष्यातील अपयशाचे एक प्रकरण मला टेलिफोनपेक्षा अधिक शिकवून गेले आहे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घरात आवाजाचाच व्यवसाय होता. आजोबा उच्चारशास्त्र शिकवत. वडील मेलव्हिल बेल यांनी मुखातील प्रत्येक ध्वनी कागदावर चिन्हांनी दाखवता येईल अशी एक लिपी तयार केली होती. आणि अशा घरातील आईला, एलायझा यांना, फारच कमी ऐकू येई. त्या चित्रे काढत, पियानोही वाजवत. इतर माणसे त्यांच्याशी कर्ण्यातून मोठ्याने बोलत, तर लहानगा अलेक्झांडर त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, खालच्या आवाजात बोले आणि ते त्यांना समजे. आवाज म्हणजे कंप, आणि कंप कानाखेरीज दुसऱ्या वाटेनेही पोचतो, हे त्याला पुस्तक उघडण्याआधीच आईमुळे कळले होते.

तरुणपणी या घरावर क्षयरोगाचा घाला पडला. १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला, १८७० मध्ये थोरला. तीन मुलांपैकी एकटा उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी घरदार विकले आणि त्याच वर्षी कुटुंब कॅनडात ब्रँटफर्ड येथे स्थायिक झाले. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा असेच बोचके बांधून खानदेशातून किंवा कोकणातून सुरतेला आले. गाव सोडताना मनात काय असते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

१८७१ मध्ये बेल बोस्टनला गेले आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवू लागले. पुढे १८७३ मध्ये ते बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. दिवसा अध्यापन आणि रात्री तारांचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी मेबल हबर्ड हिला लहानपणी झालेल्या तापाने पूर्ण बहिरेपण आले होते. ११ जुलै १८७७ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याआधीच, ७ मार्च १८७६ रोजी, बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले होते आणि तीन दिवसांनी त्यांचे शब्द शेजारच्या खोलीतील सहाय्यक थॉमस वॉटसन यांना तारेवरून ऐकू गेले होते. सहा वर्षे झाली नाहीत तोच, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरूही झाली. ज्याची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते, त्या माणसाने जगाच्या कानाला यंत्र लावून दिले.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ.

लग्नानंतर बेल पतिपत्नी इंग्लंडला गेले. तेथे टेलिफोनच्या तारांमध्ये एक त्रास जाणवू लागला. शेजारून तारायंत्राची तार गेली असेल तर तिचा कडकडाट टेलिफोनमध्ये ऐकू येई. दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या नसत, तरीही. याचे कारण आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. एका तारेतील प्रवाह बदलला की तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यामुळे जवळच्या तारेत प्रवाह निर्माण होतो. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. मायकेल फॅरडे यांनी ते १८३१ मध्ये दाखवले होते. हा कडकडाट घालवण्यासाठी बेल यांनी तारेच्या कॉईल घेऊन त्या अशा मांडल्या की एकीचा परिणाम दुसरीने खोडून निघावा आणि टेलिफोन शांत व्हावा. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की अशा शांत केलेल्या कॉईलजवळ धातूचा तुकडा आणला तर टेलिफोन पुन्हा बोलू लागतो. तराजूची दोन्ही पारडी समतोल असताना एकावर फुंकर मारावी आणि काटा हलावा, तसेच हे. त्या वेळी बेल यांना ही गोष्ट एक गंमत वाटली. ती त्यांनी मनात ठेवली आणि पुढच्या कामाला लागले. १८७९ मध्ये लंडनचे डेव्हिड ह्यूज यांनीही याच तत्त्वावर इंडक्शन बॅलन्स नावाचे उपकरण तयार केले.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. पद स्वीकारून त्यांना चारच महिने झाले होते. एक गोळी दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि आतच राहिली. ती आत कोठे आहे, हे कोणालाच सांगता येईना.

मित्रांनो, त्या काळी एक्स-रे नव्हते. विल्हेल्म राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. शरीरातील गोळी शोधायची तर जखमेत सळई किंवा बोट घालून चाचपायचे, हाच मार्ग होता. जंतूंमुळे जखम सडते आणि म्हणून हात व हत्यारे शुद्ध करूनच जखमेला स्पर्श करावा, हे जोसेफ लिस्टर यांनी १८६७ पासून मांडले होते, पण अमेरिकेतील अनेक नामवंत डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या जखमेत एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटे घातली. उपचारांची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्यांचे नाव डॉक्टर विलार्ड ब्लिस. यात एक गमतीची गोष्ट आहे. डॉक्टर हे त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेले पहिले नावच होते, आणि पुढे ते खरोखर डॉक्टर झाले. ब्लिस यांचे ठाम मत होते की गोळी शरीराच्या उजव्या बाजूला आहे.

बेल यांनी ही बातमी वाचली आणि त्यांना इंग्लंडमधील ती गंमत आठवली. शिशाची गोळी हा धातूच. कॉईल शरीरावरून फिरवली तर कापाकापी न करता, बोटही न लावता, गोळी टेलिफोनमधून आपले ठिकाण सांगेल. फ्रान्सच्या व्होल्टा पारितोषिकाच्या पैशातून वॉशिंग्टनमध्ये त्यांनी प्रयोगशाळा उभारली होती. ते तेथे धावले. सम्नर टेंटर हे कुशल यंत्रकार सोबतीला होते. दोघांनी रात्रंदिवस काम सुरू केले.

उपकरणाची रचना अशी होती. एका कॉईलला बॅटरी आणि प्रवाह भराभर तोडणारा-जोडणारा खटका. दुसऱ्या कॉईलला टेलिफोनचा श्रवणभाग. दोन्हींची मांडणी अशी की एरवी टेलिफोन शांत असावा. धातू जवळ आला की तोल बिघडावा आणि कानात गुणगुण ऐकू यावी. कागदावर हे सोपे आहे. अडचण अंतराची होती. धातू जवळ असेल तर आवाज मोठा, इंचा-दोन इंचांनी दूर गेला तर ऐकू येईल न येईल असा. म्हणून बेल यांनी कॉईलचे आकार बदलले, तारेची जाडी बदलली, वेढ्यांची संख्या बदलली. प्रत्येक नव्या कॉईलची पुन्हा पहिल्यापासून चाचणी. मांसाच्या तुकड्यात गोळी दडवून पाहिली, ओल्या कोंड्यात दडवून पाहिली, स्वतःच्या मुठीत धरून पाहिली. गृहयुद्धातील गोळी अंगात बाळगून जगणाऱ्या एका माजी सैनिकावरही चाचणी केली. ह्यूज यांच्याशी विचारविनिमय केला. प्राध्यापक हेन्री रोलंड यांनी कंडेन्सर जोडण्याची सूचना केली आणि तिने आवाजात चांगला फरक पडला. जगप्रसिद्ध माणूस इतरांना विचारत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता, हे आपण ध्यानात घ्यावे.

२६ जुलै रोजी बेल उपकरण घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. प्रयोगशाळेत चोख चाललेले यंत्र तेथे फुरफुरू लागले. सगळीकडे एक खरखर येत होती आणि तिच्याखाली दुसरे काही ऐकू येत नव्हते. घरी परतल्यावर कारण सापडले. घाईत कंडेन्सर चुकीचा, एकाच बाजूला जोडला गेला होता. चूक स्वतःचीच. बेल यांनी ती दुरुस्त केली, उपकरणाची शक्ती वाढवली आणि १ ऑगस्टला ते पुन्हा गेले.

या वेळी खरखर नव्हती. राष्ट्राध्यक्षांच्या शरीरावर ब्लिस यांनी सांगितलेल्या भागात कॉईल फिरवली तेव्हा बेल यांच्या कानात एक मंद गुणगुण आली. पण ती एका जागी नव्हती. बऱ्याच मोठ्या भागावर सारखीच पसरलेली होती. गोळी अशी बोलत नाही. ती एका ठिकाणी जोरात आणि बाजूला मंद बोलते. बेल यांना शंका आली. ब्लिस यांना मात्र आपले मत खरे ठरल्यासारखे वाटले आणि गोळी आपण म्हटले तेथेच आहे, अशी बातमी वर्तमानपत्रांतून पसरली.

दुसऱ्याच दिवशी बेल पुन्हा चौकशीला गेले. पलंगाजवळ कोठे धातू होता काय, हे त्यांना विचारायचे होते. तेव्हा कळले की राष्ट्राध्यक्षांच्या केसाळ गादीखाली पोलादी तारा विणलेली दुसरी गादी आहे. अशा गाद्या त्या काळी नवीन होत्या.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण येथे थांबतात. पोलादी गादीने घात केला, गोष्ट संपली. मीही त्या संध्याकाळी मुलांना येथपर्यंतच सांगितले होते. परंतु बेल येथे थांबले नाहीत. त्यांनी तशीच दुसरी गादी मिळवली आणि तिच्यावर उपकरण ठेवून पाहिले. पलंगाच्या मानाने आवाज आलेला भाग लहान होता, तेव्हा सगळा दोष गादीच्या माथी मारता येईल अशी त्यांची खात्री झाली नाही. दोष द्यायला एक सोयीचे कारण हातात आले होते. ते त्यांनी तपासून पाहिले आणि पुरेसे वाटले नाही तेव्हा तसे लिहून ठेवले. अपयश आल्यावर पहिले कारण हाती लागताच आपण सगळे सुटकेचा श्वास सोडतो. त्या क्षणी पुन्हा तपासायला बसणे फार थोड्यांना जमते.

याच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरी दुःख आले. मेबल बोस्टनजवळ होत्या, गरोदर होत्या आणि पती वॉशिंग्टनमध्ये होता. १५ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांना दिवस पूर्ण होण्याआधीच मुलगा झाला. त्याला नीट श्वास घेता येईना आणि काही तासांतच तो गेला. त्यानंतर बेल यांनी धातूची एक पेटी तयार केली. ती छातीभोवती बसवून आतील हवा कमी-जास्त केली की छाती वरखाली होऊन श्वास चालू राही. पुढे पोलिओच्या रुग्णांना जगवणाऱ्या लोखंडी फुप्फुसाची ती पूर्वज म्हणता येईल. आपले मूल वाचवता आले नाही, दुसऱ्याचे तरी वाचावे, असा विचार त्यामागे असावा.

गारफिल्ड यांची प्रकृती खालावत गेली. सप्टेंबरच्या आरंभी त्यांना रेल्वेने न्यू जर्सीच्या समुद्रकाठी नेले. १९ सप्टेंबर १८८१ रोजी, गोळी लागल्यापासून ७९ दिवसांनी, त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी सापडली. ती शरीराच्या डाव्या बाजूला होती. उजवीकडून शिरून, मणक्यातून जाऊन, स्वादुपिंडाच्या मागे खोल रुतून बसली होती आणि तिच्याभोवती शरीराने कवच तयार केले होते. तेथे ती कदाचित वर्षानुवर्षे निमूट पडून राहिली असती. राष्ट्राध्यक्षांचा जीव गेला तो जखमेत पसरलेल्या जंतुदोषामुळे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणजे बेल यांची कॉईल जेथे फिरवली तेथे गोळी नव्हतीच. ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांचे मत आधीच ठरले होते आणि त्या मताबाहेरच्या बाजूला यंत्र नेण्याची सोय नव्हती. गोळी खोल होती, त्यामुळे डाव्या बाजूला कॉईल नेली असती तरी त्या काळच्या उपकरणाला ती ऐकू आलीच असती, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु शोधण्याची संधी तरी मिळाली असती.

आपल्यापैकी कोणी असता तर हे प्रकरण कपाटात बंद केले असते. बेल यांनी काय केले? ऑगस्ट १८८२ मध्ये माँट्रियल येथे अमेरिकेतील वैज्ञानिकांच्या परिषदेत त्यांनी या सगळ्या प्रयोगांवर सविस्तर निबंध वाचला. कोणती कॉईल कधी वापरली, कंडेन्सर कोठे चुकला, दोन्ही चाचण्यांत काय ऐकू आले, सगळे क्रमाने मांडले. त्याच निबंधात सुधारलेल्या उपकरणाचे वर्णनही होते. त्यात दोन चपट्या कॉईल एकमेकींवर अर्धवट येतील अशा सरकवल्या होत्या. सरकवता सरकवता एक जागा अशी येते की टेलिफोन पूर्ण शांत होतो. तेथे त्या पक्क्या करायच्या आणि दोन्ही मिळून एकच शोधक म्हणून फिरवायच्या. आज शेतात-किनाऱ्यावर धातू शोधणाऱ्या यंत्रांच्या अनेक कॉईल अशाच एकमेकींवर सरकवून बसवलेल्या असतात.

हे ज्ञान वाया गेले नाही. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन गर्डनर यांनी बेल यांच्या साहाय्याने टेलिफोनला जोडलेली शोधसळई वापरात आणली. तिचे टोक गोळीला लागले की कानात टकटक ऐकू येई. क्ष-किरण येईपर्यंत आणि त्यानंतरही रणांगणावरील शल्यचिकित्सकांना अशा साधनांचा उपयोग झाला. १८८६ मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने बेल यांना वैद्यकशास्त्रातील मानद पदवी दिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून फिरवण्याचा सुरुंगशोधक तयार केला आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात त्याने असंख्य सैनिकांचे पाय आणि प्राण वाचवले. आज सुरत स्थानकावर, विमानतळावर, मॉलच्या दारात आपण ज्या चौकटीतून जातो तिच्यातही कॉईलच असतात. एका मुलीने मला विचारले की हिऱ्याच्या कारखान्यातील अशा चौकटीत खिशातला हिरा पकडला जाईल काय. नाही पकडला जाणार. हिरा म्हणजे कार्बन. तो धातू नाही आणि त्यातून वीज वाहत नाही, म्हणून कॉईलच्या दृष्टीने तो तेथे नसल्यासारखाच. सुरतेच्या मुलांनाच सुचावा असा हा प्रश्न आहे!

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवतो. ते मला करायचे नाही. बेल यांनी आयुष्यभर बहिऱ्या मुलांसाठी काम केले. हेलन केलर या मुलीच्या वडिलांना योग्य शाळेची वाट त्यांनीच दाखवली आणि हेलनने १९०३ मध्ये आपले आत्मचरित्र त्यांना अर्पण केले. तरीही बहिऱ्या मुलांनी हाताच्या खुणांची भाषा सोडून तोंडाने बोलायलाच शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बहिऱ्या व्यक्तींनी आपसात विवाह करणे त्यांना घातक वाटे आणि तसे त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेही. बहिरा समाज स्वतः काय म्हणतो आहे, याकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. त्यांच्यासारख्यांच्या वजनामुळे खुणांची भाषा अनेक शाळांतून हद्दपार झाली आणि कित्येक पिढ्यांतील मुलांचे नुकसान झाले. आज ती पूर्ण भाषा मानली जाते. आपल्या देशातही भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. गोळीच्या बाबतीत ब्लिस यांनी जी चूक केली, तीच या बाबतीत बेल यांनी केली. आपले मत आधी ठरवले आणि दुसऱ्या बाजूला कान नेला नाही. महाराष्ट्रापासून दूर राहून पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना, एखाद्याची भाषा काढून घेणे म्हणजे काय, हे लवकर समजेल.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, बॅडेक येथील आपल्या घरी बेल यांचे निधन झाले. मेबल त्यांच्याजवळ होत्या. ४ ऑगस्टला त्यांच्या दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडामधील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. ज्याने तारांना आवाज दिला, त्याला तारांनी शांत राहून निरोप दिला.

आता एक कबुली देऊन लेख संपवतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ही चार मुले माझ्याकडे आली होती. त्यांना प्रयोगशाळेबाहेरच्या कोपऱ्यात, जुन्या लाकडी बाकावर यंत्र मांडायचे होते. मी नाही म्हणालो. विश्वस्त आणि पाहुणे समोर बसणार, सगळी टेबले एका रांगेत, पांढऱ्या चादरी घातलेली दिसली पाहिजेत, असे मी सांगितले. ती टेबले स्टीलची आहेत. मुलांच्या मनात काहीतरी होते, पण आचार्यांपुढे ते बोलू शकले नाहीत आणि मीही विचारले नाही. वाटीएवढ्या कॉईलला टबाखालचे स्टील कदाचित जाणवलेही नसते. ताटाएवढ्या कॉईलची पोच जास्त, तिला ते जाणवले. यंत्र खरे बोलत होते. टेबल मी निवडले होते.

दुसऱ्या आठवड्यात मुलांनी तो टब लाकडी बाकावर ठेवून पुन्हा चाचणी घेतली. मी शेजारी उभा होतो. नव्या कॉईलने खोल पुरलेली बिजागरी शोधून काढली, परंतु वरच पडलेले रुपयाचे नाणे तिला सापडले नाही. ते जुन्या लहान कॉईलला लगेच सापडले. मोठी कॉईल खोलवर पोचते, पण बारीक वस्तू तिच्या हातून निसटते. मुलांनी टेबल, बाक, दोन्ही कॉईल आणि न सापडलेले नाणे, सगळे नोंदवहीत लिहिले. आधीचे पानही जागेवर आहे. त्या पानावर, फजिती झालेल्या दिवसाच्या नोंदीखाली, स्टीलचे टेबल कोणाच्या सांगण्यावरून घेतले हे मी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली आहे.

पालकांना विनंती आहे की मूल घरी येऊन आपला प्रयोग फसला म्हणाले तर आधी गुण विचारू नका. यंत्र कोठे ठेवले होते आणि कोणी ठेवायला सांगितले होते, ते विचारा. विश्वस्तांना विनंती आहे की पुढच्या वर्षी प्रदर्शनासाठी चार लाकडी टेबले मंजूर करावीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. मोठ्या माणसाने चुकीच्या टेबलाकडे बोट दाखवले तर तसे म्हणत जा. मी ऐकेन.

आपला,
आचार्य